मांगुराच्या डोक्यातलं झाड

मांगूर मासा पाण्याबाहेर काढला तरी लवकर मरत नाही. टोपलीत, चिखलात, ओल्या पोत्यात तो तासन्‌तास तग धरतो, कारण त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, झाडासारखं एक इंद्रिय असतं. बारीक फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि सगळ्यांतून खेळणारं रक्त. त्या झाडाने तो हवेतला प्राणवायू घेतो. मी या झाडावर पीएच. डी. करायला घेतली आणि त्यापायी एका बाईंची नोकरी घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याबद्दल बरं मत करून घेणार नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, वसाहतीच्या बसने शाळेत गेलेली, पायाला चिखल न लागलेली मुलगी. चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात संशोधन करत होते. माझे मार्गदर्शक तिथले विभागप्रमुख होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. सर हुशार होते, आणि आपली हुशारी या जंगलपट्ट्यात वाया चालली आहे असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मताचा राग ते रोज कोणावर तरी काढायचे. बहुतेक वेळा माझ्यावर.

एकदा परदेशातल्या एका लेखाची झेरॉक्स त्यांच्या हाती लागली. तोवर माशाच्या डोक्याच्या आतलं बघायचं तर ते मेणात घालून त्याचे सुरीने पातळ काप काढावे लागत. शेकडो काप, आणि त्यातला एक फाटला की आमचं झाड मधेच तुटलं. लेखात सुरीऐवजी उजेडाने कापायची युक्ती होती. आधी डोकं काचेसारखं पारदर्शक करायचं. रक्तात चमकणारा रंग आधीच सोडलेला असतो. मग बाजूने कागदाइतका पातळ उजेडाचा पडदा त्या डोक्यातून आरपार सोडायचा. उजेड ज्या पातळीतून जातो तेवढीच पातळी चमकते, बाकी सगळा काळोख. वरून फोटो घ्यायचा, डोकं केसभर पुढे सरकवायचं, परत फोटो. डोकं अखंड राहतं आणि काप मात्र सगळे मिळतात.

तिकडे त्यांच्याकडे लेझर होते. आमच्याकडे एक जुना स्लाइड प्रोजेक्टर होता. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे जवळजवळ चिकटवून सरांनी उजेडाला फट केली. पाण्याने भरलेली परीक्षानळी हे आमचं भिंग. मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया टाकला की गडद निळं पाणी होतं, ते चपट्या बाटलीत भरून प्रोजेक्टरपुढे ठेवलं की उजेड निळा. कॅमेऱ्याला फोटो स्टुडिओवाल्याकडून मागून आणलेली पिवळी काच. डोळ्याचे डॉक्टर बुबुळावरची जखम बघायला ज्या रंगाच्या कागदी पट्ट्या वापरतात, त्या भिजवून आमचा रंग. निळ्या उजेडात तो हिरवापिवळा चमकतो, आणि पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणजे दिसते ती फक्त चमक. खिडक्यांना काळा कागद लावून आम्ही भर दुपारी अंधार करायचो. मला सरांचा राग यायचा, पण हे यंत्र त्यांनी टाकाऊ सामानातून उभं केलं याचं कौतुक तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

डोकं पारदर्शक करायला तीन आठवडे लागत. आधी हाडं मऊ करायची, मग काळा रंग उडवायचा, मग अल्कोहोलचं प्रमाण वाढवत नेलेल्या पाण्यांतून न्यायचं, शेवटी विंटरग्रीनच्या तेलात. पाठ दुखल्यावर चोळायच्या मलमाला जो वास येतो तो याच तेलाचा. विभागात शिरलं की कोणाची तरी कंबर धरली आहे असं वाटायचं. तीन आठवड्यांनी डोकं तेलात ठेवलं की दिसेनासं व्हायचं, हे ठीक. पण उजेड सोडला तरी आतलं झाड दिसायचं नाही, हे वर्षभर चाललं. कारण रंग रक्तात जातच नव्हता. बोटाएवढ्या पिल्लाचं हृदय मसुरीच्या दाण्याएवढं. त्यात मी इन्सुलिनच्या सुईने रंग सोडायचे आणि तो सगळा बाहेर सांडायचा. एकूण एक डोकं काळंठिक्कर. ऊर्जानगरच्या मुलींना स्कूटी चालवण्यापलीकडे काही येत नाही, असं सर एकदा बी. एस्सी.च्या पोरांसमोर म्हणाले. पोरं हसली. त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी यांना चमकणारं डोकं दाखवायचं. काही झालं तरी, हे शब्द मी अगदी मनापासून धरले होते.

विभागात एक बाई होत्या. पंचेचाळिशीच्या, गोंडपिपरीकडच्या एका गावातल्या, ढिवराच्या घरच्या. तलावातली मासेमारी हा त्यांचा पिढीजात धंदा. आठवडाभर त्या चंद्रपुरात बहिणीकडे राहायच्या आणि सोमवारी गावाहून एसटीने येताना झाकणाच्या डब्यात ओला कपडा घालून मांगुराची जिवंत पिल्लं आणायच्या. काचसामान धुणं, टाक्यांचं पाणी बदलणं, झाडलोट, सगळं त्यांच्याकडे. अकरा वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती, कायम व्हायचं होतं. नवरा वारलेला, मुलगा तलावावर, आणि म्हातारपणी आपण कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही हे त्यांनी ठरवून टाकलेलं. सरांनी त्यांना शब्द दिला होता की हे मांगुराचं काम पार पडलं की तुझ्यासाठी वर पत्र लिहितो. त्यामुळे माझी डोकी चमकावीत असं माझ्याइतकंच त्यांनाही वाटायचं. सोमवारी डबा उघडून दाखवताना त्या म्हणायच्या, आज पहा कशी तडफदार आणली.

वर्षभराने मला कंटाळा आला. रंग सोडून पिल्लू मेलं की कल्ल्यांवरची झाकणं कापायची, आतला चिकटा धुवायचा आणि डोकं बाटलीत टाकायचं, हे किळसवाणं काम मी बाईंवर ढकललं. त्यांचा हात असा की मला जिथे पंधरा मिनिटं लागत तिथे त्या दोन मिनिटांत मोकळ्या. आणि त्यानंतर जी पहिली खेप तयार झाली ती चमकली.

तो क्षण मी नाकारणार नाही. काळ्या काचपेटीत काहीच नव्हतं, आणि डोकं निळ्या उजेडाच्या पडद्यातून पुढे सरकलं तशी हिरवट सोन्याची एक फांदी उमटली. मग दुसरी. मग तिला फुटलेल्या सात-आठ. सर कॅमेऱ्यावरून मान वर काढेनात. नंतर त्यांनी स्वतः पेढे आणले आणि पहिला पेढा मला दिला. बाईंना कोणी दिला नाही, म्हणून मी माझ्यातला अर्धा दिला, आणि आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी बाईंच्या गावचा तलाव मारायचा होता, म्हणजे सगळ्या ढिवरांनी मिळून त्यातली मासळी एकदम काढायची होती. तलाव मारताना घरातल्या माणसाने हजर राहावंच लागतं, नाहीतर त्या घराचा वाटा जातो. बाई आठवडाभर गावी गेल्या आणि चार डोकी मी एकटीने केली. चारही काळी. त्या परत आल्यावर केलेली सगळी चमकली. मी मूर्ख नव्हते. एका दुपारी सर घरी गेले होते तेव्हा मी बाईंना म्हटलं, तुम्ही कसं करता ते मला नीट दाखवा. त्यांनी झाकणं कापली, धुतली, आणि कमरेच्या पिशवीतून कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी काढली. डबीत हळद होती. चिमूटभर घेऊन त्यांनी ती कल्ल्यांत आतपर्यंत चोळली, फांद्यांच्या बुडापर्यंत, आणि डोकं बाटलीत सोडलं. त्यांच्या घरात मेलेली मच्छी हळद न लावता भांड्यात ठेवतच नाहीत. वास मारते, किडे लागतात. इथेही ती बाटलीतच ठेवायची होती. लावू नका असं कोणी सांगितलं नव्हतं, कारण असं कोणी करेल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी माझा जेवणाचा डबा उघडला, वरणात बोट बुडवलं आणि ते निळ्या उजेडात धरलं. बोट पेटल्यासारखं हिरवंपिवळं चमकलं. झालं. आम्ही ज्याला झाडातलं रक्त म्हणत होतो, कोणत्या फांदीत ते किती पोचतं याची मापं घेत होतो, ते रक्त नव्हतंच. ती फांद्यांना चिकटलेली हळद होती, अल्कोहोलमध्ये विरघळून छान आतपर्यंत पसरलेली.

बाई घाबरल्या. चुकलं का म्हणून विचारू लागल्या. त्या दिवसापासून हळद बंद करते म्हणाल्या. आणि इथे मी ते केलं. मी हसून म्हटलं, "नाही बाई, चुकलं काहीच नाही. तुम्ही असंच करत राहा. फक्त सरांना सांगू नका, त्यांना असलं आवडत नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं ताई तुम्ही म्हटलं. म्या लय भिऊन राह्यली होती," त्या म्हणाल्या.

पुढचे आठ महिने मी त्या हळदीवर जगले. प्रकरणं लिहिली, तक्ते काढले, फोटो चिकटवले. रंग न सोडलेलं एक डोकं तुलनेसाठी उजेडात धरून बघायचं असतं, ते बघितलं आणि काळं निघालं असं लिहून टाकलं. बघितलं नव्हतं; ते डोकंही बाईंच्याच हातचं होतं. एकदा बाईंची डबी रिकामी झाली तेव्हा मी आईच्या डब्यातली हळद कागदात बांधून नेऊन दिली. स्कूटीवरून जाताना मी गाणं गुणगुणत होते हेही मला आठवतं.

मग नागपूर विद्यापीठाकडून एक वयस्कर प्राध्यापिका काम बघायला आल्या. सरांनी अंधार केला, एकामागून एक डोकी दाखवली. बाई प्रत्येक बाटली धुतलेल्या फडक्याने पुसून पुढे करत होत्या. पाहुण्यांनी मनापासून वाखाणणी केली आणि मग सहज म्हणाल्या की रंग न सोडलेलं डोकं दाखवा. सर म्हणाले, हो, आहे की, आणि त्यांनी मला आणायला सांगितलं. कपाटापासून टेबलापर्यंत सात पावलं होती. बाटली हातातून सोडून द्यावी असं मनात आलं होतं. नाही सोडली. काच फुटली तर सर सगळ्यांदेखत ओरडतील या भीतीने नाही सोडली. मी इतकी क्षुद्र होते.

ते डोकं सगळ्यांत सुंदर चमकलं.

पाहुण्यांनी ट्यूबलाइट लावायला सांगितली, कपाटातल्या अल्कोहोलच्या बाटलीतलं पिवळट पाणी टिपकागदावर टाकलं आणि कोणाकडे चुना आहे का विचारलं. दाराशी उभ्या असलेल्या शिपाई भाऊंच्या खिशात खर्ऱ्याच्या तंबाखू-सुपारीत घालायचा चुना होता. पिवळ्या डागावर चुना लागला तसा तो लालभडक झाला. हळदीचं कुंकू कसं होतं हे ठाऊक असलेल्या कोणालाही पुढचं सांगायची गरज नव्हती. पाहुण्या चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी पर्स उचलली, चहा नको म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सर परत आले. हळद म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट बाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, म्याच लावली. सर काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ही प्रयोगशाळा आहे की तुझी चूल, इथून सुरुवात झाली आणि मग त्यांच्या घरादारावर, जातीवर, हाताच्या वासावर गेली. अकरा वर्षं काचसामान धुणाऱ्या त्याच हातांनी धुतलेल्या परीक्षानळीतून सरांचा उजेड जात होता. शेवटी त्यांनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

बाई खाली बघत होत्या. माझ्या पायांपासून त्यांची नजर हातभर अंतरावर होती. ती वर आली नाही. "कोणी नाई जी. आमच्यात लावतेच," त्या म्हणाल्या.

नंतर नळावर त्या हात धूत असताना मी जवळ गेले. माझं नाव का घेतलं नाहीत असं विचारण्याइतकी हिंमत नव्हती, पण त्यांनीच सांगितलं. "तुमचं नाव काऊन घेऊ ताई? तुम्हीच तं आता माह्यासाठी बोलान." डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी हिशेब केला होता, साधा आणि बरोबर. दोघींपैकी एकीने बुडायचं तर ज्या एकीचं ऐकलं जाईल तिने वर राहावं, म्हणजे ती दुसरीला ओढून काढेल.

तिसऱ्या दिवशी सरांनी मला सांगितलं की तिच्याकडून लेखी घे. बाईंनी साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती, वाचता येत नव्हतं. मी कोऱ्या कागदावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं की मी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या अडाणीपणामुळे आणि कोणालाही कळू न देता संशोधनाच्या नमुन्यांना हळद लावली, त्यामुळे झालेल्या नुकसानीस मी एकटी जबाबदार आहे, आणि मला कामावरून कमी केल्यास माझी हरकत नाही. 'कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे' हे सरांनी सांगितलं नव्हतं. ते माझं.

बाईंनी कागद बघितला. एवढं मोठं काय लिहिलं म्हणाल्या. मग विचारलं, "माह्या कायम होण्याचं लिवलं का त्याच्यात?"

मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. मी कागद हातात धरला आणि वाचलं. माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, मी अकरा वर्षं इमानाने काम केलं आहे, तरी मला सेवेत कायम करण्यात यावं ही नम्र विनंती. यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. मी न अडखळता वाचलं, ओळीवरून बोटही फिरवलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, 'इमानाने' या शब्दाला त्यांनी मान हलवली. मग पदराला हात पुसून त्यांनी सही केली. एकेक अक्षर थांबून थांबून, वेलांटी विसरली ती परत जाऊन काढली. सही झाल्यावर नीट आली का म्हणून विचारलं. मी नीट आली म्हटलं.

पुढच्या सोमवारी त्या डबा घेऊन आल्या तेव्हा चौकीदाराने त्यांना फाटकाशीच थांबवलं. मी वरच्या खिडकीच्या काळ्या कागदाचा कोपरा उचलून बघत होते. त्या माझी वाट बघत दुपारपर्यंत सायकलस्टँडच्या कट्ट्यावर बसल्या. मी खाली गेले नाही. शिपाई भाऊंच्या हाती निरोप पाठवला की अर्ज वर गेला आहे, उत्तर येईपर्यंत गावी थांबा. भाऊ तेवढं सांगून आले. बाईंनी जाताना डबा भाऊंकडे दिला. पिल्लं ताजी आहेत, ताईंच्या कामाला येतील, असं म्हणाल्या.

आलीच ती कामाला. मी सुई धरायला शिकले, रंग रक्तात गेला, झाड खरोखरीच्या रक्ताने चमकलं. पदवी मिळाली, दुसऱ्या एका कॉलेजात नोकरी लागली, दोन वर्षांत कायमही झाले.

सात-आठ वर्षांनी प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गोंडपिपरीला गेले होते. परत येताना एसटीला वेळ होता म्हणून आठवडी बाजारातून चालले होते. मच्छीच्या रांगेत बाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, दात गेलेले. मी मान वळवून पुढे जायला बघत होते, पण त्यांनी आधी ओळखलं. ताई म्हणून हाक मारली, बसायला पोतं सरकवलं, लग्न झालं का, मुलं किती, सगळं विचारलं. त्यांना राग नव्हता. तो असता तर मला बसता आलं असतं. मी उभीच राहिले, गाडी सुटेल असं काहीतरी बोलले.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, त्या अर्जाचं काई आलं का वरून?"

मी म्हटलं, "अजून नाही आलं, बाई."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. सरकारी काम हाय, टाइम लागतेच म्हणाल्या. आणि शेजारी मासे विकायला बसलेल्या सुनेला अभिमानाने सांगितलं, "ह्याच त्या मॅडम. माहा अर्ज यायनंच लिवला होता."